भिंतीवरची भुकटी

मष्णू वायरमन शिडीच्या खाली उभा राहून वर बघायचा, तेव्हा बघणाऱ्याला वाटायचं, हा आता चढत नाही, हा सरळ घरी जातो. पण चढायचा. एकेका पायरीवर थांबत, गुडघ्याला हात लावत, ‘आई गं’ म्हणत चढायचा, काम करायचा आणि तसाच कण्हत उतरायचा. निपाणीत वीज आली तेव्हापासून त्याचं हेच चाललेलं. सावकारांच्या माड्या, वकिलांची हापिसं, देवळातले दिवे, तंबूतला सिनेमा, गावातल्या निम्म्या तारा त्याच्या बोटांखालून गेलेल्या. आणि त्याच्या स्वतःच्या घरात काय? रॉकेलची चिमणी! हसू नका. दिवसभर दुसऱ्याच्या छताखाली हात वर करून उभं राहिलेल्या माणसाला घरी आल्यावर परत हात वर करायचा कंटाळा येतो, दुसरं काही नाही.

मूळचा तो बेळगावजवळच्या वडगावचा. घरी हातमाग. बाप लुगडी विणायचा, आणि बापाचं विणणं असं घट्ट, की वर पाणी ओतलं तर आधी थांबायचं, मग विचार करून झिरपायचं. मष्णूला मात्र मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसवेना. एकदा छावणीतल्या एका बंगल्यात तारा ओढायचं काम चाललं होतं, ते बघायला म्हणून उभा राहिला तो उभाच राहिला. तुटलेला धागा जोडायची बोटं घरूनच मिळालेली, त्यामुळं तार जोडायला शिकायला त्याला फार दिवस लागले नाहीत. बाप म्हणाला, “सूत सोडून तारंच्या मागं लागलास व्हय रं?” बरेच दिवस बोलला नाही. पण पोराचं लग्न ठरलं तेव्हा सुनेसाठी म्हणून त्यानं स्वतः एक लुगडं विणलं. हिरवंगार, लाल काठाचं. म्हाताऱ्यानं विणलेलं ते शेवटचंच.

ती सून म्हणजे अंबूबाई. निपाणीची. मष्णू तिच्या गावात येऊन राहिला, कारण विजेची कामं तिथं निघत होती आणि वडगावात मागाचा आवाज ऐकून त्याला अपराध्यासारखं व्हायचं. एक लेक झाली, ती लोंढ्याला दिली. मग घरात ही दोघंच उरली. तो शिडीवर, ती रायाप्पा सावकारांच्या तंबाखूच्या वखारीत.

वखारीचं काम ज्यानं बघितलं नाही त्याला सांगितलं पाहिजे. वाळलेलं पान कुटायचं, चाळायचं, परत चाळायचं. बायका मोठमोठ्या चाळण्या घेऊन दिवसभर बसलेल्या. दारं लावलेली, खिडक्यांना पोती टांगलेली, कारण बाहेरचं वारं लागलं की पान कोरडं पडतं, वजनाला हलकं होतं आणि सावकाराचा जीव वरखाली होतो. मग आत काय राहतं? भुकटी! कौलाच्या फटीतून एखादी उन्हाची तिरीप आली तर तिच्यात सुद्धा भुकटीच दिसायची. बायका नाकातोंडाला फडकी बांधायच्या, पण फडकं तरी किती धरणार? सगळ्या खोकायच्या. अंबूबाई सगळ्यांहून जास्त खोकायची. उबळ आली की पदराचा बोळा तोंडात धरायची आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर तशीच वाकून बसायची.

आणि तरीही त्या भुकटीवर बायकांचा जीव होता. वखारीत एक जुना रिवाज होता. जमिनीवर पडलं ते सावकाराचं, भिंतीवर बसलं ते बायकांचं. कधी कुणी ठरवलं देव जाणे, पण सावकाराच्या बापापासून चालत आलेलं. बाजाराच्या आदल्या दिवशी काम सुटलं की बायका कुंचे घेऊन भिंती, खांब, खिडक्यांच्या फळ्या झाडायच्या आणि आपापला वाटा पदराच्या ओट्यात बांधून न्यायच्या. घरी तव्यावर भाजली की त्याची दाताला लावायची मिश्री व्हायची. त्यात अंबूबाईचा हात असा, की तिची मिश्री कधी करपली नाही आणि कधी कच्ची राहिली नाही. कोगनोळीच्या म्हाताऱ्या बाजारात येऊन आधी विचारायच्या, “अंबूची हाय काय?” मग बाकीचा बाजार. वखारीत ती चाळणाऱ्यांतली एक होती. बाजारात मात्र ती अंबू होती, आणि ते तिला आवडायचं.

मष्णूला त्यातलं काही दिसत नव्हतं. त्याला फक्त खोकला ऐकू यायचा. शेजारी निजणाऱ्याला दुसरं काय ऐकू येणार? कितीदा तरी त्यानं म्हटलं, “सोड ती वखार.” ती म्हणायची, “आणि घरात बसून काय करू, तुमची चिमणी पुसू?” तिला वखारीतून बाहेर काढता येत नाही, हे कळल्यावर त्यानं दुसरा विचार केला. वखारीतून भुकटीच बाहेर काढायची. छताला वारा ओढणारा पंखा बसवायचा.

रायाप्पा सावकार तसे दुष्ट नव्हते. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणारा, मुंगीला वळसा घालून चालणारा. पण पंखा म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या. “वारं खेळलं की पान वाळतंय, बा. मग मी काय करू, काड्या इकू?” मष्णू गप्प बसायचा आणि पुढच्या खेपेला परत विचारायचा. थकलेल्या माणसाकडं तेवढी एक चिकाटी असते, त्याला नव्यानं सुचत नाही म्हणून तो जुनंच धरून बसतो.

शेवटी काम झालं ते एका शिंकेनं. मुंबईचा एक बडा व्यापारी माल बघायला वखारीत शिरला, आणि जो शिंकायला लागला तो थांबेचना. टोपी पडली, चष्मा पडला. तो गृहस्थ माल न बघताच बाहेर पळाला आणि समोरच्या वखारीत जाऊन सौदा करून मोकळा झाला. रायाप्पांनी त्याच दिवशी मष्णूला बोलावून घेतलं.

“कुठला रं तो पंखा म्हणतोस?”

दुसरी मोठी लढाई संपली होती. बेळगावच्या छावणीतलं लष्कराचं सामान लिलावात निघत होतं, आणि त्यात मोठ्या स्वैपाकघरातला धूर ओढायचा एक पंखा होता. मष्णूनं तो आधीच हेरून ठेवला होता. “चाळणी चालंल तंवर लावायचा, सावकार. पान रचताना बंद. वजन कशाला जातंय?”

“आयतु, आयतु. झालं तर मग. पर वर जाळी बसीव. चिमणी-पाखरू आत शिरून मरायला नगं. ते पाप मला नगं.”

अंबूबाई त्याच दिवसांत जयाबाईबरोबर यल्लम्माच्या डोंगराला म्हणून जाऊन आली होती. जयाबाई म्हणजे वखारीतली मुकादमीण, हाडापेरानं भक्कम, तोंडानं त्याहून भक्कम. मष्णू पंखा घेऊन बैलगाडीतून आला तेव्हा अंबूबाई आदल्याच दिवशी परत आलेली, उंबऱ्यावर बसलेली. डोंगराला जाऊन आलेली बाई भंडारा आणते, कपाळाला लावते, शेजारी वाटते. हिनं काही आणलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं असतं. मष्णू पंख्याच्या पात्यांवरची काजळी बोटानं पुसत होता.

“हे बघ,” तो म्हणाला. “हे तुज्यापायी. पुढला पाऊस लागायच्या आत तुझा खोकला जातोय का न्हाय बघ.”

अंबूबाईनं त्याच्या हसऱ्या तोंडाकडं बघितलं. म्हणाली, “व्हय. जाईल की.”

आता पंखा बसवायचा म्हणजे काय खायचं काम आहे? वखारीला कौलांच्या खाली लाकडी फळ्यांचं छत होतं. त्या फळ्या कापल्या, त्यात सागवानी चौकट बसवली. पंख्याचं धूड दोरानं वर ओढलं. थरथर छताला लागू नये म्हणून बोल्टांच्या खाली सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे घातले. छतापासून कौलांच्या वर पत्र्याचा नळा नेला, वर टोपी, त्याला सावकारांची जाळी, आणि पाणी झिरपू नये म्हणून भोवतीनं डांबर. तारा लाकडी पट्टीतून नेल्या. बटण मष्णूनं आत ठेवलं नाही, दाराबाहेर ठेवलं. आत एवढी भुकटी, तिथं एक ठिणगी उडाली तर वखारीची होळी झाली असती. जमिनीत मीठ-कोळसा घालून पत्रा पुरला आणि मोटारीची एक तार त्याला आणून जोडली, म्हणजे वीज फुटली तरी माणसाला धक्का नको. हे सगळं एकट्यानं. मान वर करून करून त्याला रात्री उशीवर डोकं टेकवता येईना. हात खांद्यापासून बधिर झाले होते. अंबूबाई कोमट तेल लावताना म्हणायची, “अवो, जरा दमानं घ्या की. पंखा काय पळून चाललाय?”

“पंखा न्हाय गं पळत,” तो म्हणायचा आणि पुढचं बोलायचा नाही.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा जी फजिती झाली, ती गावानं वर्षभर पुरवून पुरवून सांगितली. पंखा उलटा फिरला! भुकटी ओढायच्या ऐवजी त्यानं वरून वारं फेकलं, आणि रायाप्पांच्या बापाच्या काळापासून छताच्या फळ्यांवर साठलेली धूळ एकदम खाली बसलेल्या बायकांच्या डोक्यावर. सगळ्या मातीत लोळलेल्या म्हशींसारख्या दिसायला लागल्या. जयाबाई डोळे चोळत ओरडली, “दाजी, पंखा बसीवलासा का आमास्नी पुराय निगालासा?” अंबूबाई हसता हसता खाली बसली, आणि हसता हसता तिला उबळ आली. मष्णूनं ओशाळून मोटार उघडली, आतल्या दोन तारांची टोकं अदलाबदल केली, आणि दुसऱ्यांदा बटण दाबलं.

या वेळी पंखा सरळ फिरला. भुकटी हलली, वर उठली, छताच्या भोकाकडं निघाली. हळूहळू वखारीची पलीकडची भिंत दिसायला लागली. बायकांनी एकेक करत तोंडावरची फडकी सोडली. कित्येकजणी शेजारणीचं तोंड काम करताना पहिल्यांदाच बघत होत्या. मष्णू दाराशी उभा होता. त्याला रडू येईल की काय असं वाटलं म्हणून तो उगाच बटणाचा स्क्रू पिळत बसला.

बाजाराच्या आदल्या दिवशी तो पंखा बघायला म्हणून मुद्दाम गेला. काम सुटलं होतं. बायका कुंचे घेऊन भिंतींसमोर उभ्या होत्या, आणि भिंती स्वच्छ होत्या. एकीनं कुंचा फिरवून बघितला, दुसरीनं खिडकीच्या फळीवरून बोट फिरवलं. ओटे रिकामेच राहिले. मष्णू मनातल्या मनात इतका फुगलेला, की त्याला ती स्वच्छ भिंतच दिसली. तिच्यासमोरची बाई दिसली नाही. असं होतं माणसाचं.

थोडे दिवस बरे गेले. मग पंखा मंदावला. आवाज यायचा, पाती फिरायची, पण भुकटी वर जाईना. ती जागच्या जागी घुटमळायची आणि परत भिंतीवर जाऊन बसायची. खोकला परत सुरू झाला. खरं म्हणजे अंबूबाईचा थांबलाच नव्हता, पण मष्णूनं आपल्या मनाशी तो कमी झालाय असं ठरवून टाकलं होतं. आता ते ठरवलेलं पण टिकेना.

रायाप्पा कुरकुरायला लागले. “याके बा, मष्णू? का रं असं? निस्ता गुणगुणतोय तुझा पंखा. वढतोय कुठं?”

मष्णूनं मोटार उघडली, पुसली, तेल घातलं, मिटवली. तारा तपासल्या. पाती सोडवून घासली. प्रत्येक खेपेला शिडी, प्रत्येक खेपेला गुडघे. लष्करानं टाकून दिलेला पंखा घेतला ही आपलीच चूक, असं त्याला वाटायला लागलं. रात्री शेजारी उबळ आली की तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. आपल्याला एवढं एक जमलं नाही. लोकांच्या दिवाणखान्यात झुंबरं लावली, आणि बायकोच्या छातीपुरता वारा काही ओढता आला नाही. त्याला स्वतःची चीड यायची, आणि चिडायलासुद्धा अंगात बळ उरलं नव्हतं.

मग एकदा काम करता करता त्याला वरच्या जाळीची आठवण झाली. सावकारांची जाळी! तीच तुंबली असणार. भर दुपारी, पंखा चालू ठेवून, तो मागच्या बाजूनं कौलांवर चढला. कौलं तापलेली. ओणवं होऊन तो नळ्यापाशी गेला, आणि तिथंच बसला.

जाळीला लुगडं बांधलेलं होतं. चौपदरी दुमडून, टोपीच्या भोवती ओढून, नळ्याला गाठ मारलेलं. भुकटीनं जड होऊन लोंबत होतं. वरून तपकिरी दिसत होतं, पण काठ लाल होता, आणि मष्णूनं अंगठ्यानं भुकटी बाजूला केली तेव्हा आतून हिरवं निघालं.

बापाचं विणणं त्याला डोळे मिटूनसुद्धा कळलं असतं. आणि गाठ? ती वडगावची गाठ, मागावर तुटलेल्या ताण्याला मारतात ती. अंबूबाईला नवी नवरी असताना सासूनं शिकवलेली.

त्यानं गाठ सोडली. लुगडं सुटल्याबरोबर खाली पंख्याचा आवाज बदलला, मोकळा झाला, आणि नळ्यातून भुकटीचा लोट त्याच्या तोंडावर आला. तो शिंकत, डोळे पुसत, लुगडं काखेत मारून खाली उतरला. वखारीत चाळण्या थांबल्या होत्या. आवाज बदलला तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं की दाजी वर पोचले. कुणी मान वर करेना.

अंबूबाई उठून बाहेर आली. दारातल्या लिंबाखाली दोघं उभी राहिली.

“तू चढलीस वर?”

“मी कुठली चढतीया? जयाक्का चढली. मी खालनं सांगितलं, अशी बांध, तशी बांध.”

“अगं, बाचं लुगडं, अंबे!”

“दुसरी बांधून बघितली. जुनेरातनं निसटती भुकटी. मामंजींचं इणणं घट. ह्यातनं कण जात न्हाय.”

मष्णूच्या अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक, पण तो ओरडला. आख्खी वखार ऐकत होती तरी ओरडला. “कण जात न्हाय! वाराबी जात न्हाय त्यातनं! मी कशापायी मरतोय रोज त्या शिडीवर? तुज्या छातीपायी न्हवं का? आणि तू मिश्रीपायी माज्या पंख्याचं तोंड बांधलंस? एवढी मोठी झाली तुझी मिश्री?”

अंबूबाईनं त्याचं ओरडून होऊ दिलं. मग खाली बसली आणि त्यालाही हाताला धरून बसवलं.

“मी डोंगराला गेलतो म्हणून सांगितलं न्हवं का जयाक्कासंगं? आमी डोंगराला गेलतो न्हाय. बेळगावला डाक्टरकडं गेलतो.”

मष्णूनं काखेतलं लुगडं मांडीवर घेतलं.

“त्यानं नळी लावून बघितलं. फुडनं, पाठीमागनं. दोनी बाजू गेल्यात म्हणाला. धुळीत बसू नगंस म्हणाला. मी इचारलं, न्हाय बसलो तर बरं हुईल काय? तर गप बसला. चांगला मानूस हुता. खोटं बोलाय येईना त्याला.”

“आणि मला सांगितलं न्हाईस?”

“सांगणार हुतो की. उंबऱ्यावर त्याच्यापायीच बसलोतो. आणि तुमी आलासा गाडीत बसून, पंख्याला धरून, हसत. तुमास्नी लई दिसांनी हसताना बघितलं, अवो. मग कसं सांगू?”

एवढे दिवस ज्यासाठी मान मोडली, ते काम सुरू व्हायच्या आधीच संपलं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. ठाऊक असून ती रोज त्याच्या खांद्याला तेल लावत होती. मष्णूनं गुडघ्यात डोकं घातलं आणि तो रडला. जयाबाई दारात आली होती, ती हळूच आत गेली.

“माज्या छातीला आता पंखा नगं,” अंबूबाई म्हणाली. “पर आतल्या बायकास्नी पायजे. त्या मालूला तर आत्ता कुठं खोकला लागलाय, तिचा जाईल. आणि भुकटीबी पायजे त्यास्नी. भितीवरचं आमचं, हे आमी सोडणार न्हाय. दोनी पायजेत. तुमी काय तरी करा.”

“मी दमलोय गं, अंबे.”

“व्हय. दिसतंय की मला. पर कराल तुमी.”

त्यानं केलं. तोच तर त्याचा स्वभाव. घट्ट कापडाचा आखूड तुकडा नळ्याचं तोंड दाबतो, हे विणकराच्या पोराला वेगळं कुणी सांगायला नको होतं. त्याला हवं होतं धुवून धुवून विरलेलं कापड आणि तेही भरपूर. बायकांनी घराघरांतून जुनेरं आणून दिली. मष्णूनं ती दुहेरी करून एकाला एक जोडली आणि त्यांची एक लांबच लांब पिशवी शिवली, वखारीच्या कौलांवर आडवी पसरेल एवढी. वारा सगळ्या अंगानं निघून जाईल, भुकटी तेवढी आत राहील. शिवायला घरात अंबूबाईच त्याला सुया ओवून द्यायची. एखादा तुकडा हातात आला की सांगायची, “हे जयाक्काचं. ह्याला बघून सावकाराचा बैल बुजलाता.” शिवता शिवता त्याला ते खरंच बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून वाईट वाटायचं.

पिशवी वर बांधली, खालून बांबूचा आधार दिला, बटण दाबलं. पिशवी हलली, उठली आणि फुगली. आतली भिंत परत दिसायला लागली.

रायाप्पा सावकार अंगणात उभे राहून बराच वेळ वर बघत होते. म्हणाले, “पंखा माझा, कौलं माझी. मग वरची भुकटी कुणाची?”

जयाबाईनं कमरेवर हात ठेवले. “जमिनीवर पडली काय, सावकार?”

सावकारांनी वर बघितलं, खाली बघितलं. हसले. “न्हाय बा. आयतु. तुमची.”

अंबूबाई त्यानंतर वखारीत गेली नाही. जाववतच नव्हतं. त्यांचं घर वखारीच्या मागच्या गल्लीत, उंबऱ्यावर बसलं की कौलांवरची पिशवी दिसायची. सकाळी ती फुगली की अंबूबाई म्हणायची, “बसल्या बायका चाळाय.” दुपारी खाली बसली की म्हणायची, “भाकरी खाय उठल्या.” मालूबाईचा खोकला खरंच कमी झाला. बायका अंबूबाईचा वाटा घरी आणून द्यायच्या, आणि ती बसल्या बसल्या भाजायची. पुढं हाताला तवा पेलेना, तेव्हा मष्णू भाजायचा आणि ती नुसत्या वासावरून सांगायची, “उतरा, उतरा, करपली!” त्याची करपायचीच. कोगनोळीच्या म्हाताऱ्यांना ते कळलं, पण त्यांनी बोलून दाखवलं नाही.

हिरवं लुगडं त्यानं रिठ्यानं धुतलं, परत धुतलं, उन्हात घातलं. रंग आला. वास काही गेला नाही. घडी करून पेटीत ठेवून दिलं.

पाऊस लागायच्या थोडं आधी अंबूबाई गेली. सकाळची वेळ होती. तिनं विचारलं, “फुगली काय?” वखारीला त्या दिवशी जैनांच्या सणाची सुट्टी होती, पिशवी कौलांवर मेल्यासारखी पडलेली. मष्णू म्हणाला, “व्हय. फुगली की.” ती ‘बरं’ म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली. थोड्या वेळानं त्यानं हाक मारली तेव्हा ती नव्हती.

सगळ्या बायका आल्या. लेक लोंढ्याहून यायची होती, तीही येऊन पोचली. सवाष्ण बाई, तिला हिरवं नेसवायचं. जयाबाई म्हणाली, “दाजी, हिरवं लुगडं आणवाय पायजे दुकानातनं.” मष्णूनं मान हलवली, पेटी उघडली आणि बापाचं लुगडं काढून तिच्या हातात दिलं.

जयाबाईनं घडी उलगडून झटकली. आणि तिला शिंक आली. आवरावी म्हणून तिनं नाक दाबलं, तर मालूबाईला आली. मग तिसरीला, मग लेकीला. डोळ्यांत पाणी, तोंडात हुंदका, आणि सगळ्याजणी मयताच्या भोवती बसून शिंकतायत. दारातली बाप्ये मंडळी आत डोकावायला लागली. जयाबाईला रडता रडता हसू फुटलं, तिनं पदर तोंडात कोंबला, तरी ते थांबेना, आणि मग सगळ्याच हसायला आणि रडायला लागल्या. मष्णूला पण शिंक आली. त्यानं नाक पुसलं आणि सवयीनं अंबूबाईकडं बघितलं. एरवी ती सगळ्यांच्या आधी हसली असती, आणि मग खोकली असती.